डायनिंग टेबल फुगलंय, रंधा मारून घेऊ का?

सी-५०२: नमस्कार. सोसायटीतल्या सगळ्यांकडून एक सल्ला हवाय. मार्चमध्ये ओहायोहून परत आलो तेव्हा आमचं डायनिंग टेबल सामानाबरोबर आणलं. हिकरीचं आहे, म्हणजे अमेरिकेतल्या एका कडक लाकडाचं. टेबलाच्या दोन्ही टोकांना आडव्या पट्ट्या आहेत. त्या आणि मधल्या फळ्या अगदी एका रेषेत होत्या. पाऊस लागल्यापासून फळ्या दोन्हीकडून पट्टीच्या बाहेर आल्यात, हात फिरवला की कड बोटाला लागते. सुतारदादा म्हणाले, रंधा मारून सरळ करतो आणि पट्टी खालून स्क्रूने पक्की करतो. उद्या ११ ला येतायत. करून घेऊ ना?

ए-१०४: आमच्या बाथरूमचं दार दर जुलैत अडकतं वहिनी. घासून घ्या, सोपं काम आहे.

बी-२०३: सी-५०२ वहिनी, उद्याचं काम कृपया थांबवा. टेबल बिघडलेलं नाही. ओहायोत हिवाळाभर घरात हीटर असतो, हवा कोरडी, त्या हवेत हे लाकूड आकसून बसलं होतं. आता सिंहगड रोडच्या पावसात ते हवेतली ओल पितंय. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून फळ्या बाहेर आल्या आणि पट्टी, जिचा धागा आडवा आहे, ती तिथेच राहिली. चांगल्या कारागिराने ती पट्टी मुद्दाम सरकती ठेवलेली असते.
आज रंधा मारलात तर जानेवारीत फळ्या आत जातील आणि पट्टी बाहेर दिसेल. आणि ती स्क्रूने आवळलीत तर फळ्यांना हलायला जागा उरणार नाही, मग मधोमध उभी चीर पडेल. ती चीर कोणी बुजवून देत नाही.

सी-५०२: अरे बापरे. काका, पण हिकरी फार कडक असते म्हणून तर घेतलं होतं. दुकानात सांगितलं होतं की कुऱ्हाडीचे दांडे हिच्याच लाकडाचे करतात.

बी-२०३: अगदी खरं आहे. आमच्या कंपनीच्या टूलरूममध्ये बाहेरून आलेल्या हातोड्यांचे दांडे हिकरीचे असायचे. घाव बसला की दांडा झटका पोटात घेतो, हाताला झिणझिण्या येत नाहीत. ड्रमच्या काठ्याही हिकरीच्या असतात. पण कडक असणं वेगळं आणि स्थिर असणं वेगळं, ही गल्लत मी स्वतः केलीय म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितोय.
कडकपणा मोजायची जांका नावाची चाचणी आहे. ११.२८ मिमीचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतवायला किती जोर लागतो ते बघतात. हिकरीला साधारण ८२५ किलो, सागाला ४८५ च्या आसपास. म्हणजे हिकरी जवळपास पावणेदोन पट कडक.
आता दुसरी बाजू. ओलं लाकूड पार सुकेपर्यंत हिकरी रुंदीत १० टक्क्यांच्या वर आकसते, साग ५ टक्क्यांच्या जरा वर. आपल्या आज्यांनी सागवानच का घेतलं ते इथे कळतं. साग कमी हलतो, आणि त्याच्या गाभ्यात तेल असतं म्हणून वाळवी लवकर शिवत नाही. हिकरीत तसलं काही नाही.

बी-७०१: काका, तुमची काय गल्लत झाली होती?

बी-२०३: जुन्या घरी, नारायण पेठेत. पावसात मुख्य दार अडकायला लागलं. मी हौसेने रंधा घेतला आणि कड चांगली बोटभर उतरवली. दार लोण्यासारखं फिरायला लागलं. थंडीत बघतो तर कुलपाची जीभ चौकटीत पोचेना आणि फटीतून जिन्यातला दिवा दिसायचा. आईने दोन वर्षं त्या फटीत जुन्या लुगड्याची पट्टी खोचून ठेवली होती. ते दार मी पुन्हा नीट करू शकलो नाही.

डी-३०१: विषय निघालाच आहे तर विचारते. आम्ही एका शोरूममध्ये हिकरीचं वॉर्डरोब बघितलं, ॲडव्हान्स अजून दिलेला नाही. पांढरट आणि तपकिरी पट्टे, फार देखणं आहे. स्वस्तही वाटलं.

बी-२०३: ताई, पट्टे हिकरीचेच. बाहेरचं लाकूड साईसारखं, गाभा तांबूस तपकिरी. पण स्वस्त म्हणताय म्हणून शंका येते. बरेचदा 'हिकरी' हे फक्त लॅमिनेटच्या, म्हणजे वर चिकटवलेल्या छापील थराच्या रंगाचं नाव असतं, आत पार्टिकल बोर्ड, म्हणजे दाबून घट्ट केलेला भुसा. एक दार उघडा आणि कडेला निरखून बघा. खऱ्या लाकडात वरची रेघ कडेवरून खाली उतरते. छापलेल्यात ती कडेला तुटते, आणि तीच गाठ दोन हातांवर पुन्हा जशीच्या तशी भेटते. बिजागरीच्या स्क्रूपाशी नखाने खरवडा, भुसा निघाला तर समजून जा. विनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा असेल तर वाईट नाही, उलट वॉर्डरोबला प्लायवर विनियर चांगलं, कमी फुगतं. पण जे आहे ते बिलावर लिहून घ्या.

डी-३०१: आत्ताच फोटो झूम करून बघितला. तीच गाठ तीन दारांवर आहे! थांबते मग.

ए-६०२: काका, आमच्या नव्या टेबलाला पण विचारते, पुसायचं कशाने? मी लिंबू आणि तेल लावत होते.

बी-२०३: ते बंद करा काकू, तेलावर धूळ बसून चिकट थर होतो. कापड पिळून पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने. गरम कुकर थेट ठेवू नका, पॉलिशमध्ये पांढरा डाग धरतो. हळद सांडली तर लगेच टिपून घ्या. पिवळं उरलंच तर घासत बसू नका, हळदीचा रंग उजेडाने उडतो.
सी-५०२ वहिनी, तुमच्यासाठी तीन गोष्टी. टेबल पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर लांब ठेवा, ती भिंत पावसात ओल धरते. एसीचा झोत थेट वर नको. आणि महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन खालून बघा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि जमिनीवर मैद्यासारखं पीठ दिसलं तर भुंगेरा लागलाय, लगेच पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा. हिकरीचं पांढरट लाकूड त्याला आवडतं.

सी-५०२: सुतारदादांना आत्ताच फोन केला, उद्याचं रद्द. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत.

बी-२०३: छान. आता एक करा. दोन्ही बाजूंना फळी पट्टीच्या किती बाहेर आहे ते मोजपट्टीने मोजा आणि टेबलाच्या खालच्या अंगाला पेन्सिलने तारखेसकट लिहून ठेवा. संक्रांतीला मी तिळगूळ घ्यायला येईन तेव्हा परत मोजू.

सी-५०२: मोजलं काका. खिडकीच्या बाजूला ४ मिमी, स्वयंपाकघराच्या बाजूला ३. मुलाने खाली झोपून लिहिलं, १८ जुलै.