‘अ ब्रायटर समर डे’: लेसरडिस्क घ्यावी की ब्ल्यू-रे?

जुनाट_तबकडी
एडवर्ड यांग यांचा १९९१ सालचा हा तैवानी चित्रपट मी पूर्वी एका मित्राकडच्या व्हीसीडीवर पाहिला होता. पाहिला म्हणण्यापेक्षा निम्मा काळोखात नुसता ऐकला. आता एका विक्रेत्याकडे त्याची जुनी लेसरडिस्क (ब्ल्यू-रेच्या खूप आधीची, ग्रामोफोनच्या तबकडीएवढी व्हिडिओ तबकडी) आली असून तो भरमसाट किंमत सांगतो आहे. संग्राहकाच्या दृष्टीने ती घेण्याजोगी आहे का?

काजवा
पाहण्यासाठी घेणार असाल तर मुळीच नाही. १९६० च्या सुमाराच्या तैपेईत घडणाऱ्या या कथेतला मुलगा चित्रपटाच्या स्टुडिओतून चोरलेली बॅटरी घेऊन वावरतो आणि वादळी रात्रीचे बिलियर्डच्या अड्ड्यावरचे हत्याकांड आपल्याला बॅटऱ्यांच्या हलत्या झोतांत तेवढेच दिसते, त्यामुळे काळ्या रंगातल्या छटा पुसट झाल्या की चित्रपटच हातचा जातो. मूळ निगेटिव्हवरून २००९ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात त्याचे पुनरुज्जीवन झाले. यांग २००७ मध्येच वारले होते. क्रायटेरियन या अमेरिकी प्रकाशन-संस्थेची ब्ल्यू-रे यायला २०१६ उजाडले. (मूळ चिनी शीर्षकातच कूलिंग रस्त्यावरच्या हत्येचा उल्लेख असल्याने रहस्यभेदाचा ठपका माझ्यावर ठेवू नये. हा रस्ता जुन्या पुस्तकांच्या बाजारासाठी प्रसिद्ध होता, हे संग्राहकांना आवडावे.)

चौथी_बाजू
काजवा यांच्याशी सहमत आहे, पण ब्ल्यू-रे तबकड्या जगाच्या ठरावीक विभागातल्या प्लेअरवरच चालतील अशा बांधलेल्या असतात; क्रायटेरियनची ‘ए’ विभागाची आणि भारत ‘सी’ विभागात, तेव्हा सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारा प्लेअर लागेल. लेसरडिस्क घ्यायचीच झाली तर आधी वेष्टनावरचा कालावधी पाहावा, कारण २३७ मिनिटांच्या पूर्ण आवृत्तीखेरीज सुमारे तीन तासांची कापलेली आवृत्तीही फिरत होती. एका बाजूवर साधारण तासभरच मावतो, म्हणून पूर्ण चित्रपटाला किमान चार बाजू हव्यात. शिवाय प्रत्येक बाजू थोडी चालवून पाहावी. थरांमधला गोंद बिघडून आतले अॅल्युमिनियम गंजले असेल तर पडद्यावर रंगीत ठिपक्यांची चमचम दिसते.

रद्दीवाला
माझे मत थोडे वेगळे आहे. अशा तबकडीचे मोल चित्राच्या दर्जात नसून, चित्रपट दुर्मीळ असताना तो कुणीतरी जपून ठेवला होता, यात आहे. भरमसाट किंमत मात्र मीही देणार नाही.

जुनाट_तबकडी
आभारी आहे. विक्रेत्याकडे वेष्टनाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागितले आहे. माझा प्लेअर ‘सी’ विभागाचाच निघाला, त्यामुळे ब्ल्यू-रेच्या आधी तोच बदलावा लागणार.