कॅमेरा चालू झाला की आवाजच बदलतो, काय करू?

नमस्कार मंडळी, मी छोट्या व्यावसायिकांचे हिशोब सांभाळते, आता कामाबद्दल २ मिनिटांचे व्हिडिओ करायला घेतलेत. क्लायंटशी फोनवर अर्धा तास आरामात बोलते पण रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की शाळेत उभं राहून धडा वाचतेय असं वाटतं. स्क्रिप्ट पूर्ण पाठ केलीये, काल १४ टेक घेतले, शब्द विसरला की नजर वर छताकडे जाते आणि स्वतःचा आवाज ऐकवत नाही. खरंच मनापासून विचारतेय.

प्रतिसाद १
पाठांतर सोडा, सगळी गडबड तिथेच आहे. तुमच्या स्क्रिप्टमध्ये "आमच्यामार्फत अचूक व वेळेवर सेवा पुरवली जाते" असलं एखादं वाक्य नक्की असणार, फोनवर असं बोलता का कधी? तिथे म्हणता "बिलं फक्त पाठवा, बाकी मी बघते". तेच म्हणायचं. मी काय केलं सांगतो, मैत्रिणीला फोन लावला, तिला सांगून माझी बाजू रेकॉर्ड केली, नंतर ऐकून त्यातलीच वाक्यं घेतली आणि कागदावर फक्त ३ मुद्दे लिहिले. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं ठेवा, मधलं बोलता बोलता येतं. आणि "नमस्कार मित्रांनो" नको, बघणारा एकटाच मोबाईल धरून बसलेला असतो, त्या एकाशी बोला.

प्रतिसाद २
आवाजाचं टेन्शन घेऊ नका ताई, आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो म्हणून तो भरदार वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला असतो. लोकांना तुमचा तोच आवाज माहितीये, त्यांना काही खटकत नाही.
नजरेचं मात्र बघा. सेल्फी मोडमध्ये आपण लेन्सकडे नाही, स्क्रीनवरच्या स्वतःकडे बघत राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं ही दुसरीकडेच बघतेय. स्क्रीनवर कागद चिकटवा, लेन्स उघडी ठेवा आणि तिच्या शेजारी एखाद्या जवळच्या माणसाचा छोटा फोटो लावा, मला तर फोटोतल्या बहिणीकडे बघून हसूच येतं आणि ते हसू व्हिडिओत छान दिसतं. लेन्स डोळ्यांच्या लेव्हलला पाहिजे. फोन दीडेक मीटर लांब, फार जवळ ठेवला तर नाक मोठं दिसतं. मग लांबून आवाज नीट येत नाही म्हणून कॉलरचा माइक घ्या, हनुवटीखाली वीतभर अंतरावर.

प्रतिसाद ३
पाठांतराबद्दल सहमत, पण आकडे आणि तारखा सांगायच्या असतील तर टेलीप्रॉम्प्टर (लेन्सजवळ स्क्रिप्टच्या ओळी सरकत दाखवणारा स्क्रीन किंवा ॲप) वाईट नाही. फक्त ओळी अरुंद ठेवा आणि लांब उभ्या राहा, जवळून वाचलं की बुबुळं डावीउजवीकडे पळताना दिसतात.
चुकलात तर रेकॉर्डिंग बंद करू नका!! एक टाळी वाजवा, श्वास घ्या, तेच वाक्य पहिल्यापासून बोला. एडिटिंगला आवाजाच्या आलेखात टाळीचा उंच काटा लगेच सापडतो, तेवढा तुकडा कापायचा. दर वेळी बंद-चालू केलं की परत तीच धडधड.

मूळ प्रश्नकर्ती
खूप खूप आभार सगळ्यांचे! आज सकाळी फोनवालं करून बघितलं, बहिणीला "उधारीची वही वेगळी का ठेवायची" ते समजावलं आणि ऐकलं तर मी चक्क हात हलवत बोलत होते असं वाटलं, आवाजातच कळत होतं. टाळ्या ५ पडल्या पण टेक एकच. आता फक्त माइक शर्टवर घासून खरखर येतेय, त्याला काय करता तुम्ही?

प्रतिसाद २
वायरचा छोटा लूप करून तो क्लिपमध्येच अडकवा आणि ओढणी माइकपासून लांब, बहुतेक तीच घासत असेल.