ओतीव शिशाच्या गोळ्यांची अचूकता कशी तपासावी?

प्रश्न : मी अमेरिकेतील माँटाना राज्यात हरणाच्या शिकारीसाठी ३०-३० विंचेस्टर रायफल वापरतो. घरी ओतलेल्या गोळ्या ५० यार्डांवर एकमेकींजवळ लागतात, पण १०० यार्डांवर विखुरतात. दोष गोळीचा की माझ्या नेमाचा, हे कसे ठरवावे?

उत्तर १ : लक्ष्यावरील ३ गोळ्यांच्या छिद्रांचा समूह योगायोगानेही लहान येतो. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून १० गोळ्या झाडाव्यात आणि त्याच बैठकीत कारखान्यातील काडतुसेही तपासावीत; ती नीट लागली, तर नेमाला दोष देऊ नये.

उत्तर २ : त्याआधी नळीचे माप घ्यावे. रिकाम्या रायफलीच्या नळीतून मऊ शिशाची गोळी हलके ठोकत बाहेर काढली, की नळीच्या आतील पीळदार खाचांचा खरा व्यास तिच्यावर उमटतो. ओतीव गोळी त्याहून सुमारे ०.००१ इंच जाड हवी, कारण ती सैल असल्यास तप्त वायू कडेने निसटतो, शिसे नळीला चिकटते आणि पुढची प्रत्येक गोळी अधिक भरकटते. तळाची कड गोलावलेली गोळी तर मी निःसंकोच पुन्हा वितळवतो.

उत्तर ३ : कॅलिफोर्नियात जाणार असाल, तर तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर बंदी आहे, कारण शिकारीचे अवशेष खाणाऱ्या काँडोर या गिधाडासारख्या पक्ष्यांना त्यांतील शिशामुळे विषबाधा होते.