मदत हवी आहे: जुन्या डर्ट बाईकचं इंजिन घरीच बांधतोय

सेकंडहँड १२५ सीसी टू-स्ट्रोक आहे. किक मारायला जोरच लागत नव्हता म्हणून हेड (सिलिंडरचं झाकण) उघडलं. एक्झॉस्ट पोर्टच्या (धूर बाहेर जायच्या भोकाच्या) बाजूला सिलिंडरवर उभे ओरखडे आहेत, दोन तर नखाला अडकतात. आतून निकासिल कोटिंग (निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ, कडक थर) आहे, म्हणजे कास्ट आयर्नसारखं नुसतं बोअर करून (आतून मोठं करून) ओव्हरसाइज पिस्टन टाकता येणार नाही. मग परत प्लेटिंग करून घ्यावं की लोखंडी स्लीव्ह (आत बसणारी नळी) बसवावी? स्लीव्ह स्वस्त पडते, पण उष्णता नीट बाहेर जाईल का ही धास्ती आहे.

कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँकशाफ्टला जोडणारा दांडा) वर-खाली अजिबात हलत नाही, आडवा थोडा हलतो. तेवढा चालतो ना? बजेट तोकडं आहे. क्रँक सील तर बदलणारच. पण इंजिनची केस न उघडता क्रँकशाफ्टची मेन बेअरिंग कशी तपासायची? ज्यांनी स्वतः हात काळे केलेत त्यांनी कृपया सांगा.