हायस्कूलची जुनी इमारत: वाढवायची की पाडायची?

जिन्याखालचा: काल इथे एकाने लिहिलं की शहरातल्या जुन्या हायस्कूलला विंगा जोडत बसणं म्हणजे ठिगळं लावणं, पाडा आणि नवीन बांधा. डोकंच फिरलं. अहो बॉस्टनच्या क्विन्सी शाळेत १८४८ मध्ये प्रत्येक वर्गाला वेगळी खोली दिली तेव्हा अमेरिकेत तेच नवल होतं, आधी एका हॉलमध्ये सगळी पोरं कोंबलेली असायची. तुमचं 'जुनाट' एकेकाळचा प्रयोग होता. शहरात जागा नाही, पोरं वाढतायत, मग इमारत टप्प्याटप्प्यानेच वाढणार ना?

सिमेंटवाला: ठिगळं म्हणणारा मीच. लोडबेअरिंग, म्हणजे इमारतीचं वजन पेलणाऱ्या भिंतींवर मजला चढवताना पाया कोण तपासतं? आमच्या शाळेत वर लॅब झाली आणि खाली सातवी ब च्या भिंतीला असा तडा गेला की त्यातून आम्ही चिठ्ठ्या पास करायचो.

डावखुरी: पाया राहू दे, उजेडाचं बोला. जुन्या वर्गांत खिडक्या मुद्दाम डाव्या हाताला, का तर लिहिताना हाताची सावली वहीवर नको. मी डावखुरी, दहा वर्षं स्वतःच्याच सावलीत लिहिलंय.

सिमेंटवाला: धागा इमारतीचा आहे, तुमच्या हाताचा नाही.

डावखुरी: खिडकी काय हवेत टांगलेली असते का हो?

जिन्याखालचा: ताईंचा मुद्दा बरोबर आहे. न्यूयॉर्कमध्ये स्नायडर नावाच्या आर्किटेक्टने शाळा एच आकारात बांधल्या त्या दोन्हीकडच्या अंगणांतून उजेड-वारा यावा म्हणूनच.

डावखुरी: आणि वाढवायची म्हटली की पहिलं अंगणच बुजवतात! आमच्याकडे तेच केलं, मग दिवसभर ट्यूबलाइट. सावली गेली म्हणा, तेवढाच फायदा.

सिमेंटवाला: म्हणजे विस्तार वाईट, मी वेगळं काय म्हणत होतो?

डावखुरी: माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका.

निवृत्त मास्तर: सावलीवरून भांडताय, जिन्याचं कुणीच काढत नाही. तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत २००४ मध्ये ९४ मुलं जळून गेली, वर झावळ्यांचं छप्पर आणि उतरायला अरुंद जिना. मी शिकवायचो तिथे खोल्या दुप्पट झाल्या, जिना तोच. मधली सुट्टी झाली की मी कठड्याला पाठ लावून उभा राहायचो, पोरं सांडू नयेत म्हणून.

जिन्याखालचा: बरं, जिना न वाढवता वर्ग वाढवू नयेत, मान्य. पण म्हणून पाडा असं होत नाही.

सिमेंटवाला: मान्य केलंत, उपकार झाले. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी करा, मग ठरवा, एवढंच तर म्हणतोय.

जिन्याखालचा: काल तर थेट बुलडोझर घेऊन आला होतात.

डावखुरी: काय बांधाल ते बांधा, खिडक्या दोन्ही बाजूंना ठेवा.