उबुंटू 24.04: गनोम सोडून एक्सएफसीई, आणि मराठी टायपिंग शाबूत ठेवायचंय

सेक्रेटरी_गोरेगाव

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर उबुंटू 24.04 आहे, नेहमीचं गनोमवालं (गनोम म्हणजे उबुंटूचा मूळ डेस्कटॉप). पाचव्या पिढीचा आय3, 4 जीबी रॅम, 500 जीबीची फिरती हार्ड डिस्क, 14 इंची पडदा, रेझोल्युशन 1366 बाय 768. ब्राउझरचे चार टॅब आणि लिबरऑफिस एकदम उघडलं की माउसचा बाणसुद्धा अडखळतो. फॉरमॅट न करता एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवर जायचं आहे.

मशीनवर दोन खाती आहेत. एक जण इन्स्क्रिप्टने (कळ दाबली की थेट देवनागरी अक्षर) टाइप करतो, दुसरे गमभन पद्धतीने (रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे मराठी). नोटिसा, मेंटेनन्सची बिलं, सभेची इतिवृत्तं सगळी मराठीत असतात, त्यामुळे टायपिंग बंद पडलं तर बाकी कितीही वेगवान झालं तरी उपयोग नाही.

पॅकेज कुठलं टाकू? गनोम काढून टाकायचं का? खाली एकच पट्टी हवी, विंडोजची सवय असलेल्यांना चालेल अशी. आणि लॉगिनच झालं नाही तर मागे कसं फिरायचं?

स्लो_लोकल

फॉरमॅटची गरज नाही. फायली, प्रिंटर, वायफाय जागच्या जागी राहतं. (आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन.)

आधी टाइमशिफ्ट या प्रोग्रामने स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची आत्ताची प्रत, घ्या. टाइमशिफ्ट होम फोल्डर आपणहून घेत नाही, म्हणून बिलांच्या फायली पेनड्राइव्हवर वेगळ्या उतरवा. मग 'सुडो ॲप्ट अपडेट', त्यानंतर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल झुबुंटू-डेस्कटॉप' (झुबुंटू म्हणजे एक्सएफसीईवालं उबुंटू). मध्येच एक पडदा येऊन विचारेल: जीडीएम3 की लाइटडीएम? (दोन्ही लॉगिनचा पडदा दाखवणारे प्रोग्राम.) लाइटडीएम निवडा. लॉगिनची चौकट दाखवायलाच जीडीएम अख्खं गनोम शेल सुरू करतं, आणि फिरत्या डिस्कवर तो वेळ जाणवतो. रीस्टार्ट झाल्यावर पासवर्ड टाकण्याआधी सेशनच्या यादीतून 'झुबुंटू सेशन' निवडायचं. जीडीएम ठेवलंत तर नावावर क्लिक केल्यानंतरच उजव्या कोपऱ्यात खाली चक्र दिसतं, त्याआधी नाही.

काही जण नुसतं 'एक्सएफसीई4' टाकायला सांगतील. ते हलकं आहे खरं, पण नेटवर्कचा आयकॉन, ब्लूटूथसाठी ब्लूमन, प्रिंटरची खिडकी, स्क्रीन लॉक असं एकेक आठवून गोळा करत बसावं लागतं. ऑफिसच्या मशीनला तो उद्योग नको. फक्त एक लक्षात असू द्या: उबुंटूच्या मुख्य आवृत्तीला 5 वर्षं आधार असतो, झुबुंटूला 3. म्हणजे 24.04 साठी एप्रिल 2027.

सुरुवात तिसऱ्या, नव्या चाचणी खात्यात करा. गनोम आपल्या सेटिंग्ज डीकॉन्फमध्ये ठेवतं, एक्सएफसीई एक्सएफकॉन्फमध्ये. पण ऑटोस्टार्टची यादी, 'कुठली फाइल कशात उघडायची' आणि जीटीकेच्या (खिडक्या-बटणं काढणाऱ्या लायब्ररीच्या) काही फायली दोघांच्या सामायिक आहेत. जुन्या खात्यात या डेस्कटॉपवरून त्या डेस्कटॉपवर उड्या मारल्या की थीम आणि आयकॉनची खिचडी होते, आणि मग दोष एक्सएफसीईला जातो.

गनोम एवढ्यात काढू नका. चालू नसलेलं गनोम डिस्कवर जागा खातं, रॅम नाही. पुढे काढायचं ठरलंच तर 'ऑटोरिमूव्ह'ची (आपोआप काढायच्या पॅकेजांची) यादी पूर्ण वाचल्याशिवाय होकार देऊ नका. तुम्हाला हवी असलेली पॅकेजंही त्यात असू शकतात.

परतीचा रस्ता: काळा पडदा आला तर कंट्रोल-ऑल्ट-एफ3, तिथे नाव-पासवर्ड देऊन 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम3', यादीत जीडीएम3 निवडा आणि रीबूट. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा लॉगिनवरच फेकत असेल तर दोन गोष्टी बघा. 'डीएफ -एच' देऊन डिस्क भरली आहे का ते, आणि होममधली 'डॉट एक्सऑथॉरिटी' ही फाइल रूटच्या मालकीची झाली आहे का ते. झाली असेल तर उडवा, नवी आपोआप तयार होते.

चालू होताना उबुंटूऐवजी झुबुंटूचा लोगो दिसेल. घाबरू नका, फक्त चित्र बदललंय.

भडकमकर_मार्ग

डेस्कटॉप बदलून फरक पडेल, पण काही शे एमबींचाच. तेवढी रॅम ब्राउझर दोन टॅबमध्ये खातो. बाण अडखळतो याचा अर्थ बहुतेक रॅम भरून स्वॅप (रॅममधलं डिस्कवर हलवणं) सुरू होतंय, आणि तो स्वॅप फिरत्या डिस्कवर आहे. 'फ्री -एच' मध्ये 'ॲव्हेलेबल'चा रकाना आणि स्वॅपचा वापर बघा, खात्री पटेल.

फुकटातला उपाय: 'झेडरॅम-टूल्स' पॅकेज. ईटीसीच्या डीफॉल्ट फोल्डरमध्ये 'झेडरॅमस्वॅप' नावाची फाइल असते, त्यात अल्गोरिदम झेडएसटीडी आणि टक्केवारी 50 करून सेवा रीस्टार्ट करायची. डिस्कवर जाण्याआधी रॅममध्येच दाबून ठेवलं जातं.

पैशाचा उपाय: 2.5 इंची साटा एसएसडी, 7 मिलिमीटर जाडीची, 240-256 जीबी पुरे. या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपना डीडीआर3एल, 1.35 व्होल्टची एसओ-डिम लागते, पण 'सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी' चालवून खात्री करा आणि दुसरा स्लॉट रिकामा आहे का तेही त्यातच बघा. लॅमिंग्टन रोडला (मुंबईचा कॉम्प्युटर बाजार) जाताना जुनी पट्टी काढून बरोबर न्या. साधी डीडीआर3 1.5 व्होल्टची असते. फक्त एल चालणाऱ्या मशीनमध्ये ती टाकली तर मशीन उठतच नाही. जीएसटीचं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

अर्धा_र

टायपिंगबद्दल कोणीच बोललं नाही, आणि खरी अडचण तिथेच येणार आहे.

गनोमच्या 'इनपुट सोर्सेस'च्या यादीत इन्स्क्रिप्ट आणि गमभन शेजारीशेजारी दिसतात, पण ती दोन वेगळ्या जातीची आहेत. एक असतो एक्सकेबीचा, म्हणजे सिस्टिमच्या कीबोर्ड व्यवस्थेचा, लेआउट: कळ दाबली की थेट देवनागरी अक्षर. दुसरी असते आयबस या इनपुट प्रोग्रामची पद्धत: आधी रोमन अक्षर येतं, मग एम17एन हे त्याचं इंजिन त्याचं देवनागरी करतं. गनोम हे दोन्ही स्वतः सांभाळतं. एक्सएफसीई फक्त पहिलं सांभाळतं. आयबस आपण लावून द्यायचं.

'आयबस' आणि 'आयबस-एम17एन' ही पॅकेजं आहेत ना बघा. मग 'आयएम-कॉन्फिग -एन आयबस' चालवा. ही आज्ञा सुडोशिवाय, आणि प्रत्येक खात्यातून वेगळी. लॉगआउट, लॉगिन. पट्टीवर आयबसचा आयकॉन आला नाही तर सेशन अँड स्टार्टअप → ॲप्लिकेशन ऑटोस्टार्टमध्ये 'आयबस-डीमन -डीआरएक्स' ही ओळ घाला. त्यानंतर आयबस प्रेफरन्सेस → इनपुट मेथडमध्ये मराठी शोधा: इन्स्क्रिप्ट2, गमभन, आयट्रान्स, फोनेटिक सगळे सापडतील. अदलाबदल सुपर-स्पेसने.

आता सापळा. बरेच जण एक्सएफसीईच्या कीबोर्ड → लेआउटमध्ये मराठी जोडतात आणि वर आयबसमध्ये गमभनही ठेवतात. आयबसच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये 'यूज सिस्टिम कीबोर्ड लेआउट'वर खूण असेल आणि त्या क्षणी एक्सकेबी मराठीवर असेल, तर गमभनला रोमन अक्षरं मिळतच नाहीत. त्याला आधीच देवनागरी झालेली अक्षरं मिळतात आणि ते गप्प बसतं. खूण नसेल तर उलटा घोळ: आयबस आपला लेआउट लादतं आणि पट्टीवरचा झेंडा काहीतरी तिसरंच दाखवतो.

म्हणून दोन्ही पद्धती आयबसमधूनच घ्या. एक्सएफसीईच्या लेआउटच्या यादीत फक्त इंग्रजी यूएस ठेवा, आयबसमध्ये इंग्रजी, इन्स्क्रिप्ट2 आणि गमभन, आणि कीबोर्ड लेआउटचं प्लगिन पट्टीवरून काढून टाका. आयबसच्या सेटिंग्ज खात्यागणिक वेगळ्या असतात, त्यामुळे प्रत्येकाच्या यादीत त्याची एकच मराठी पद्धत ठेवली की सुपर-स्पेसला दोनच थांबे.

सिस्टिमचा डीफॉल्ट लेआउट मराठी करू नका. लॉगिनच्या चौकटीत ठिपकेच दिसतात. खाली पासवर्ड देवनागरीत उमटतोय हे कळत नाही आणि माणूस कॅप्स लॉक तपासत बसतो.

पार्लेकरीण

पट्टीचं सांगते. झुबुंटूची पट्टी वर असते. पॅनेल प्रेफरन्सेसमध्ये 'लॉक पॅनेल'ची खूण काढून डाव्या टोकाला धरून खाली ओढायची आणि पुन्हा लॉक करायची. रो साइज 28 ते 30 पिक्सेल ठेवा. 24 ला खिडकीच्या बटणावरचं मराठी नाव वर वेलांटीपाशी आणि खाली उकारापाशी अगदी दाटीवाटीचं होतं. फॉन्ट अपीअरन्स → फॉन्ट्समध्ये. नोटो सान्स देवनागरी छान, किंवा मुक्त. तो आपल्या मुंबईच्याच एक टाइपचा आहे, मोफत आहे, आणि बारीक आकारातही वाचता येतो. डीपीआय 96 च राहू द्या, 1366 च्या पडद्याला तेच ठीक.

768 ची उंची तुटपुंजी आहे. विंडो मॅनेजर ट्वीक्स → ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'हाइड टायटल ऑफ विंडोज व्हेन मॅक्सिमाइज्ड'वर खूण करा, लिबरऑफिस कॅल्कमध्ये एखादी जास्तीची ओळ मिळते. पण मग मॅक्सिमाइज केलेल्या खिडकीला बंद करायचं बटणही दिसत नाही, ऑल्ट-एफ4 ची सवय लागेल. वयस्कर मंडळी वापरणार असतील तर हे करू नका.

खिडकीची कड पकडता येत नाही ही तक्रार नक्की येणार. ऑल्ट दाबून माउसच्या उजव्या बटणाने खिडकीत कुठूनही ओढलं तरी आकार बदलतो.

एका खात्यात पट्टी मनासारखी झाली की 'पॅनेल प्रोफाइल्स'मधून एक्स्पोर्ट करून दुसऱ्या खात्यात इम्पोर्ट करा. एक्सएफकॉन्फच्या एक्सएमएल फायली चालू सेशनमध्ये हाताने बदलू नका. एक्सएफकॉन्फडीकडे मेमरीत जुनी प्रत असते, ती तुमच्या बदलावर पुन्हा लिहिली जाते. बदलायच्याच असतील तर आधी लॉगआउट, मग कंट्रोल-ऑल्ट-एफ3 मधून.

गनोमचा नाइट लाइट इथे नाही, त्याच्या जागी 'रेडशिफ्ट-जीटीके'. टचपॅडवर टॅप करून क्लिक होत नसेल तर ते माउस अँड टचपॅडमध्ये चालू करावं लागतं. तीन बोटांचे हावभाव मात्र गेले समजा.

सेक्रेटरी_गोरेगाव

सगळ्यांचे आभार. चाचणी खात्यात बसवलं. इन्स्क्रिप्ट आणि गमभन ब्राउझरमध्ये आणि माउसपॅड या टेक्स्ट एडिटरमध्ये चालतंय, पण लिबरऑफिसमध्ये सुपर-स्पेस दाबून काहीच होत नाही, इंग्रजीच येतं. लिबरऑफिस पूर्ण टाकलेलं नाही, फक्त रायटर आणि कॅल्क ॲप्टने घेतलेले. आणि पूर्वी टाइप केलेल्या नोटिशीत फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षरं जशीच्या तशी राहतात.

अर्धा_र

रायटर आणि कॅल्क सुटे घेतलेत म्हणूनच. हेल्प → अबाउट लिबरऑफिस उघडा, 'व्हीसीएल'पुढे (खिडक्या काढणारा भाग) काय लिहिलंय ते बघा. 'जेन' किंवा 'एक्स11' असेल तर ते एक्सआयएम या जुन्या इनपुट मार्गाने आयबसशी बोलायला बघतंय. 'लिबरऑफिस-जीटीके3' पॅकेज टाका, लिबरऑफिस पूर्ण बंद करून उघडा, तिथे 'जीटीके3' दिसलं पाहिजे. तरीही नाही झालं तर टर्मिनलमध्ये 'एन्व्ह' देऊन 'जीटीके आयएम मॉड्यूल', 'क्यूटी आयएम मॉड्यूल' आणि 'एक्समॉडिफायर्स' या तिन्हींपुढे आयबस आहे का तपासा. नसेल तर आयएम-कॉन्फिगनंतर लॉगआउट करायचं राहिलंय.

फॉन्टचं कारण वेगळं आहे. लिबरऑफिस देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट धरतं. टूल्स → ऑप्शन्स → लँग्वेजेस अँड लोकेल्समध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर खूण करा आणि तिथली भाषा मराठी निवडा. मग फॉरमॅट → कॅरॅक्टरमध्ये पाश्चात्त्य फॉन्टच्या जोडीला सीटीएलचा (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचा) स्वतंत्र रकाना येतो. मराठीचा फॉन्ट आणि आकार तिथे बदलायचा. प्रत्येक नोटिशीत ते करत बसू नका, डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलमध्येच बदलून फाइल टेम्प्लेट म्हणून ठेवा.

जुन्या नोटिशींत अक्षरांऐवजी रोमन गिचमीड दिसत असेल तर त्या युनिकोडमध्ये नाहीत, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. मग ना सीटीएलचा रकाना उपयोगी पडणार ना आयबस. त्या फायली कन्व्हर्टरमधूनच काढाव्या लागतील. आधी एक फाइल काढून जोडाक्षरं आणि रफार नीट आले का ते डोळ्यांनी तपासा, मग बाकीच्या घ्या.