हाँग म्युंग-बो: पूर्वपुण्याईवर राष्ट्रीय संघ मिळावा का?

लिबेरो:
माझं मत आधीच मांडतो. हाँग म्युंग-बो हा आशियाने घडवलेला फुटबॉलमधला सर्वांत थोर बचावपटू आहे, आणि जुलै २०२४ मध्ये त्याला ज्या रीतीने दक्षिण कोरियाचं प्रशिक्षकपद दिलं गेलं ती रीत चुकीची होती. पुढे संघ जिंकला म्हणून ती बरोबर ठरत नाही.

ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं. १९९० ते २००२ सलग चार विश्वचषक, देशासाठी १३६ सामने. जागा बचावफळीच्या मागची, पण चेंडू पायात आला की मान वर करून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत यायचा आणि तिथून खेळ उलगडायचा. १९९४ ला डॅलसमध्ये स्पेनविरुद्ध ०-२ ने मागे असताना ८५ व्या मिनिटाला पहिला गोल यानेच केला, सामना २-२ सुटला. त्याच मैदानावर जर्मनीविरुद्ध मध्यंतराला ०-३ होते. उत्तरार्धात एक ह्वांग सन-हाँगचा, एक याचा लांबून मारलेला, शेवट २-३. २००२ ला तो कर्णधार होता. ग्वांगजूला स्पेनविरुद्धची निर्णायक पाचवी पेनल्टी त्याने मारली. स्पर्धेतल्या उत्कृष्ट खेळाडूंत कान आणि रोनाल्डो यांच्या पाठोपाठ तिसरा आला. आशियातल्या कुणालाही त्याआधी तो मान मिळाला नव्हता.

आता नेमणुकीकडे या. फेब्रुवारी २०२४ मध्ये, आशिया चषकाच्या उपांत्य सामन्यात जॉर्डनकडून ०-२ हरल्यावर तेव्हाचा जर्मन प्रशिक्षक क्लिन्समनला काढलं. पाच महिने शोध चालला, मधे दोन हंगामी प्रशिक्षक झाले. निवड समितीच्या अध्यक्षांनीच जूनअखेर राजीनामा दिला. मग कोरियाच्या फुटबॉल महासंघाचे तांत्रिक संचालक युरोपात जाऊन गस पोयेत आणि डेव्हिड वाग्नर या परदेशी प्रशिक्षकांच्या रीतसर मुलाखती घेऊन आले, आणि परतल्यावर रात्री हाँगला त्याच्या घराजवळ जाऊन भेटले. हाँगची मुलाखत नाही, आराखड्याचं सादरीकरण नाही. दोन दिवसांत नाव जाहीर! समितीचा सदस्य असलेला माजी खेळाडू पार्क जू-हो याला ही बातमी व्हिडिओचं चित्रीकरण चालू असताना कळली. पुढे सरकारच्या क्रीडा मंत्रालयाने चौकशी केली आणि प्रक्रियेत नियमभंग झाल्याचं सांगितलं.

हे योग्य वाटणाऱ्यांनी बाजू मांडावी. २०२६ च्या मुख्य स्पर्धेचं गणित मुद्दाम बाहेर ठेवतो, चर्चा नेमणुकीची आहे.

पेठेतला लेफ्टबॅक:
मी मांडतो बाजू. आशियाई पात्रता फेरीचा तिसरा टप्पा: १० सामने, ६ विजय, ४ बरोबरी, पराभव शून्य. जून २०२५ मध्ये बसऱ्यात इराकला २-० हरवून सलग अकराव्या विश्वचषकात प्रवेश. प्रशिक्षकाला नेमतात ते यासाठीच ना?

आणि नियमांचं म्हणाल तर क्लिन्समनला नेमतानाही समितीला डावललंच होतं, हेही त्याच चौकशीत निघालं. तेव्हा एवढा गदारोळ का झाला नाही? बाहेरचा मोठ्या नावाचा माणूस आला की सगळे गप्प, आणि आपल्या मातीतला आला की कागद मागायचे. आमच्या कोल्हापुरात पेठापेठांचे संघ आहेत. तालमीचा जुना खेळाडू बाकावर बसला की पोरांच्या अंगात वेगळं बळ येतं, हे मी शाहू स्टेडियमवर डोळ्यांनी पाहिलंय. हाँग ड्रेसिंग रूममध्ये शिरला की सोन ह्युंग-मिनसुद्धा ऐकतो. ही गोष्ट मुलाखतीच्या गुणपत्रिकेत कुठे धरणार?

लिबेरो:
लेफ्टबॅक, क्लिन्समनच्या वेळी चूक झाली म्हणूनच या वेळी जास्त काटेकोर राहायला हवं होतं. पहिल्या चुकीने दुसरीला परवानगी मिळत नाही.

आणि त्या चार बरोबऱ्या कुणाशी होत्या तेही सांगा. दोन पॅलेस्टाइनशी, एक ओमानशी, एक जॉर्डनशी. त्यांतल्या तीन घरच्या मैदानावर.

उल्सानवासी:
मी नोकरीमुळे कोरियात उल्सानला राहते, त्यामुळे हा विषय मला जरा जास्त लागतो.

इथल्या लोकांसाठी हाँग म्हणजे २००२ चा कर्णधार नंतर, आधी आमचा प्रशिक्षक. इथल्या उल्सान क्लबने २००५ नंतर कोरियाची लीग जिंकली नव्हती. हंगामाच्या शेवटी प्रतिस्पर्धी जनबुक क्लबकडून मात खायची ही जणू सवयच झाली होती. हाँग २०२१ ला आला, २०२२ ला विजेतेपद, २०२३ ला पुन्हा. म्हणून राग समजून घ्या. जूनच्या शेवटी त्याने जाहीरपणे सांगितलं होतं की चाहत्यांनी काळजी करू नये. आठवड्याभरात तो गेला, भर हंगामात. १० जुलैला मुन्सू स्टेडियमवर ग्वांगजूविरुद्ध सामना होता. आमच्याच प्रेक्षकांनी त्याच्याविरुद्ध फलक धरले, संघ ०-१ हरला. माझ्या शेजारच्या आजी दोन्ही विजेतेपदांच्या वेळी रडल्या होत्या. त्या सामन्याला त्या आल्याच नाहीत.

राष्ट्रीय संघाने क्लबचा प्रशिक्षक असा उचलून नेण्याची ही पहिली वेळ नाही. २०११ च्या शेवटी जनबुकचा चोई कांग-ही असाच नेला होता. लीगमधल्या क्लबांचं म्हणणं महासंघ विचारतच नाही. मला हाँगचा जितका राग आहे त्याहून महासंघाचा जास्त आहे.

पेठेतला लेफ्टबॅक:
ताई, तुमचं दुःख कळतं. पण देशाने बोलावल्यावर नाही म्हणायचं का?

उल्सानवासी:
हो म्हणायचं, पण हंगाम संपल्यावर. किंवा निदान काळजी करू नका असं सांगायचं नाही.

सातारी मास्तर:
प्रक्रियेवर सगळे बोलताहेत, मला स्वभावावर बोलायचंय, कारण या माणसाची ताकद आणि अडचण दोन्ही तिथेच आहेत: तो आपल्या खेळाडूंना सोडत नाही.

२०१२ चं उदाहरण घ्या. कोरियात लष्करी सेवा सक्तीची आहे. आघाडीचा खेळाडू पार्क चू-यंगने मोनाकोच्या वास्तव्य परवान्यावर ती लांबवली म्हणून देश चिडलेला होता. लंडन ऑलिंपिकआधी हाँग पत्रकार परिषदेत त्याच्या शेजारी बसला आणि म्हणाला, हा सैन्यात गेला नाही तर मी त्याच्या जागी जाईन. मग काय झालं? उपांत्यपूर्व फेरीत कार्डिफला यजमान ब्रिटनला पेनल्टीवर बाहेर काढलं, ब्राझीलकडून हरले, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात जपानला २-० हरवलं. पहिला गोल पार्क चू-यंगचा, दुसरा कू जा-चोलचा. कोरियाचं फुटबॉलमधलं पहिलं ऑलिंपिक पदक. पदक मिळालं की सेवेतून सूट, तो प्रश्नही तिथेच मिटला.

दोन वर्षांनी ब्राझीलमध्ये तोच पार्क, तोच प्रशिक्षक. आर्सेनलमध्ये पार्कला जवळजवळ खेळायलाच मिळत नव्हतं. क्लबकडून नियमित खेळणाऱ्यालाच घेईन असं हाँगने स्वतः म्हटलं होतं, तरी त्याला घेतलं आणि पहिले दोन्ही सामने सुरुवातीपासून खेळवलं. रशियाशी १-१, अल्जीरियाकडून २-४, आणि तेही मध्यंतराला ०-३! शेवटच्या सामन्यात बेल्जियमचे दहाच खेळाडू उरले होते, तरी ०-१. इंचॉन विमानतळावर लोकांनी अपमान म्हणून संघाच्या अंगावर टॉफ्या फेकल्या.

म्हणजे एकाच गुणाने पदक दिलं आणि त्याच गुणाने बुडवलं. माझ्या मते अशा प्रशिक्षकाला न विचारता नेमू नये. त्याच्यासमोर बसून विचारायला हवं होतं की २०१४ मधून तुम्ही काय शिकलात. मुलाखत त्यासाठी हवी होती.

म्हापसेकार:
मास्तरांचं २०१४ चं वाचन अर्धं आहे. लंडनचा संघ एका उन्हाळ्यात उभा राहिला नव्हता. २००९ मध्ये इजिप्तला २० वर्षांखालील विश्वचषकात हाँगने जी पोरं उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेली, त्यांतलीच कू जा-चोल, किम यंग-ग्वोन, किम बो-क्युंग ही मंडळी लंडनला होती. तीन वर्षं एकत्र. ब्राझीलसाठी त्याला मिळालं जेमतेम एक वर्ष. पात्रता फेरी दुसऱ्याने खेळवलेली, जून २०१३ मध्ये संघ याच्या हातात. घाईत माणूस ओळखीच्या चेहऱ्यांकडेच वळतो. उल्सानमध्ये वेळ मिळाला, तिथे जिंकला. त्याला वेळ द्या, तो संघ बांधतो. त्याच्या कारकिर्दीत मला हेच दिसतं.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमीलला भारताचा प्रशिक्षक केलं, आमच्या गोव्याच्या सावियो मेदेराच्या कितीतरी वर्षांनंतर देशी माणूस. आम्हाला आनंदच झाला होता ना?

सातारी मास्तर:
झाला. पण तिथे तीन नावांची यादी आधी जाहीर झाली होती, आणि त्यांतून निवड झाली. माझा मुद्दा तोच आहे.

आणि वेळ मिळूनही जमलं नाही असंही झालंय. चीनमध्ये हांगझोऊ ग्रीनटाउन त्याच्या हाताखालीच २०१६ ला खालच्या श्रेणीत गेलं.

उल्सानवासी:
नाकारलेल्या पोयेतचं काय झालं तेही नोंदवते. तो २०२५ ला जनबुकला आला आणि त्याच हंगामात लीग आणि कोरिया चषक दोन्ही जिंकला. उल्सानच्या माणसाला हे लिहिताना किती जड जातं ते विचारू नका.

पेठेतला लेफ्टबॅक:
क्लब वेगळा, देश वेगळा. रोज सराव घेणारा आणि महिन्याआड आठवडाभर खेळाडू मिळणारा, दोघांचं काम एक नाही. शिवाय हाँग गेल्यावरही उल्सानने २०२४ चं विजेतेपद जिंकलंच की. मग नुकसान कुणाचं झालं?

५ सप्टेंबर २०२४ ची सोलमधली रात्र मात्र मला अजून बोचते. पहिलाच सामना, पॅलेस्टाइनशी ०-०, आणि पडद्यावर हाँगचा चेहरा आला की पूर्ण स्टेडियम हुर्यो करतंय. शेवटी बचावपटू किम मिन-जे प्रेक्षकांजवळ जाऊन विनवतो की असं करू नका. ज्या माणसाने तुम्हाला २००२ दिलं त्याला ही वागणूक? महासंघाच्या चुकीची शिक्षा मैदानावरच्या पोरांना का?

लिबेरो:
ती हुर्यो मलाही आवडली नाही. पण ती का झाली? महासंघाचे अध्यक्ष चुंग मोंग-ग्यू समोर आले नाहीत, म्हणून समोर जो उभा होता त्याने झेललं. वर्षभरानंतरही ते ओसरलं नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्राझीलकडून ०-५ झाल्यावर चारच दिवसांनी पराग्वेविरुद्धच्या सामन्याला सोलच्या सुमारे ६६ हजारांच्या स्टेडियममध्ये २२ हजारांच्या आसपास लोक होते. सामना कोरियाने २-० जिंकला, तरीही.

माझं म्हणणं एवढंच की हाँगला पोयेत आणि वाग्नरच्या रांगेत बसवायला हवं होतं. लंडन, उल्सानची दोन विजेतेपदं, घरची भाषा, प्रत्येक खेळाडूची माहिती हे सगळं घेऊन तो त्या खोलीत गेला असता तर बहुधा तोच निवडला गेला असता. रात्री घराजवळ जाऊन विनवणी करणाऱ्यांनी त्याची ती संधी हिरावली.

पेठेतला लेफ्टबॅक:
मला हे पटत नाही. चार विश्वचषक खेळलेल्या कर्णधाराला रांगेत उभं करणं मला आजही अपमानच वाटतो. पात्रता फेरीला दोन महिने उरले होते, कुणीतरी निर्णय घ्यायलाच हवा होता, आणि घेतलेला निर्णय बसऱ्यात खरा ठरला.